गावंडेंचं लगेज

पाणी माझ्या गळ्याशी आलं होतं आणि गावंडे विचारत होते, "वयनी, घोंगडी ओली झाली काय?"

"गळ्यालोक पाण्यात उभी हाओ मी," मी म्हटलं. "घोंगडी काय दोरीवर वाळत घातली?"

"मंग तिचं वजन दुप्पट धरा," असं म्हणून त्यांनी पाटीवरचा तीनचा आकडा पुसला आणि तिथं सहा लिहिला. घाई नाही, गडबड नाही. समोर माणूस बुडतोय आणि हे बेरीज करतायत.

"एकूण चौतीस. तुमची ताकद तीस किलोची. चार किलो जास्त. टाका फासा."

मी फासा टाकला. चार आले.

"पाय निसटला," गावंडे म्हणाले. "नाकातोंडात पाणी गेलं. आता अजून एक डाव चुकला का मेल्या तुमी."

ही नदी अमरावतीत माझ्या ओट्यावर होती. रविवारची दुपार, ऊन पायरीपर्यंत आलेलं, टेबलावर चहाचे चार कप आणि वाटीत फुटाणे. बुडून मरण्यासारखं तिथं काही नव्हतं. पण मी मेले असते तर मला खरंच उठावं लागलं असतं. आमच्या टेबलाचा नियम असा की ज्याचा माणूस गोष्टीत मेला, त्यानं खुर्ची रिकामी करायची. गोष्ट संपेपर्यंत परत बसायचं नाही. आणि गावंडेंची गोष्ट दीड वर्ष झालं तरी अर्ध्यात होती. ओटा माझा, टेबल माझं, साखर माझी, तरी आत जाऊन बसायचं ते मीच.

नियम अर्थात गावंडेंचा. "यमाच्या घरून कोणी दुसरं तिकीट काढून वापस येते काय?" असं त्यांचं म्हणणं.

तर गावंडे कोण, ते सांगते.

सुधाकर गावंडे आमच्या शेजारी राहतात. माझ्या मालकांना भाऊ म्हणायचे, म्हणून मी वहिनी. सारी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. अमरावती ते परतवाडा, पुढे अचलपूर, मध्ये काही वर्षं अकोल्याहून तेल्हारा. उंच आणि वाळके. मान थोडी पुढे वाकलेली, ती बसच्या छतानं वाकवली. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या रस्त्यावर त्यांना गावंडे म्हणून कोणी ओळखत नसे. 'लगेजवाला मास्तर' म्हणत. स्प्रिंगचा काटा असतो ना, आकड्याला सामान लटकवून वजन करायचा, तो ते स्वतःच्या पैशानं घेऊन खिशात ठेवायचे. पोतं असो, ट्रंक असो, कोंबड्यांची पाटी असो, आधी काट्याला लागायची आणि मग चढायची. "उचलून दाखवा," हा त्यांचा शब्द. कोणी म्हणालं की यात काही वजन नाही, तर गावंडे म्हणायचे, "मंग एका हातानं उचलून दाखवा." उचलणाऱ्याच्या मानेची शीर ताठली की तिकीट फाडलं.

एकदा एक जण दार घेऊन चढला. घराचं दार, सागवानी, कडीकोयंड्यासकट. गावंडेंनी त्याला लगेज लावलं. तो म्हणाला, "मास्तर, दारच तं हाये. कोपऱ्यात उभं रायते."

"उभं रायते म्हणून लगेज लावलं," गावंडे म्हणाले. "बसलं असतं तं फुल तिकीट लावलं असतं."

ते दार परतवाड्यापर्यंत उभं गेलं. गर्दीत माणसं त्याच्या कडीला धरून उभी होती म्हणतात.

नोकरी संपली तरी काटा खिशात राहिला. भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच दोन मिरच्या जास्त टाकते. कोणाकडे बाळ झालं की बाकी माणसं नाक कोणावर गेलं ते बघतात. गावंडे बाळाला दोन तळव्यांवर घेतात, डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. बायकांच्या पर्सा त्यांना बघवत नाहीत. "येवढं वजन खांद्यावर, कायले? आत काय हाये?" असं रस्त्यात थांबवून विचारतात. मी एकदा म्हटलं, एखादी चप्पल काढेल. तर म्हणाले, "चपलेचं वजन तिच्या पायाले हायेच. हातात घेतलं तं इकडून तिकडं झालं, वाढलं नाई."

माझे मालक गेले तेव्हा तिरडी उचलताना हेच पुढे होते. मी आत बसले होते आणि बाहेरून यांचा आवाज येत होता. "ओ, तुमी ठेंगणे, समोर या. डाव्या बाजूले भार जाऊन रायला. खांदा बदला." घरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिरडी हलली नाही, सरळ गेली, एवढं मी पाहिलं.

आता हा खेळ. गावंडेंच्या वरच्या खोलीत इंजिनिअरिंगचा एक मुलगा भाड्यानं होता. शिकून गेला तेव्हा एक जाड रंगीत इंग्रजी पुस्तक आणि फाशांची थैली मागे राहिली. चार बाजूंचे, सहा बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचे फासे. गावंडेंनी डिक्शनरी आणली आणि हिवाळाभर ते पुस्तक वाचलं. मग एका सकाळी माझ्याकडे आले.

"वयनी, या पुस्तकात राक्षस हायेत, जादू हाये, उडते साप हायेत. ते सारं खोटं. पन एक पान खरं हाये."

ते पान त्यांनी उघडून दाखवलं. मला चौथीपर्यंत शाळा, तीही मराठी. त्यांनीच सांगितलं. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला ताकदीचा आकडा असतो, आणि त्या आकड्यावर ठरतं की तो किती वजन उचलून चालू शकतो. त्याच्यापेक्षा जास्त घेतलं की चाल मंद, उडी नाही, पोहणं नाही.

"लगेजचा नियम लिवला ना बाप्पा, गोऱ्या लोकायनं," गावंडे म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पेन्शन सुरू झाली तेव्हाही पाहिला नव्हता.

त्यांनी त्या मुलाला फोन लावला. तो पुण्यात नोकरीला लागला होता. त्यानं सांगितलं, काका, तेवढं पान कोणीच खेळत नाही, सगळे सोडून देतात, बोअर होतं. त्या दिवशी गावंडे जेवले नाहीत. मी पाठवलेली भाकर तशीच परत आली.

खेळ तसा सोपा आहे. एक जण गोष्ट सांगतो, ते गावंडे. बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस होतात. काय करायचं ते आपण सांगायचं, आणि होतं की नाही ते फासा ठरवतो. गावंडेंनी पुस्तकातलं उरलंसुरलं काढून टाकलं. उडत्या सापाचं वजन दिलेलं नव्हतं म्हणून साप गेला. जादू गेली, कारण जादूनं सामान हवेत उचलता येत होतं. सगळं वऱ्हाडात आणलं. वजन किलोत केलं. ताकद जितकी, त्याच्या दुप्पट किलो. हे सगळं पाटीवर, खडूनं. पाटी त्यांनी मुद्दाम विकत आणली. कागदावर माणूस खाडाखोड करतो म्हणे.

टेबलावर आम्ही तिघं. इंगळे मोबाईल दुरुस्त करतो, गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. रेखा अकोल्याची, इथल्या शाळेत शिकवते. दोघं चाळिशीच्या आतले.

पहिल्याच रविवारी इंगळे म्हणाला, "माझा माणूस लढवय्या हाये. त्याच्याजवळ सहा तलवारी."

"उचलून दाखवा," गावंडे म्हणाले. समोर बांधकाम चालू होतं. तिथून त्यांनी सहा सळ्या मोजून आणल्या आणि इंगळेच्या हातात दिल्या. "पेट्रोल पंपापर्यंत जाऊन या. समोरून दुश्मन येऊन रायला असं समजा."

इंगळे गेला. आला तेव्हा दोन सळ्या हातात होत्या. बाकीच्या कुठे टाकल्या ते ठेकेदार त्याला विचारत होता.

रेखाचा माणूस वैद्य. तिनं त्याला पंधरा ग्रंथ दिले. गावंडेंनी ताकद पाहिली आणि म्हणाले, पाच. रेखा म्हणाली, "काका, मी रोज शाळेत याहून जास्त नेते." त्यांनी तिची खरी बॅग काट्याला लावली. आकडा पाहून बॅग सावकाश खाली ठेवली. पुढच्या रविवारी तिला रुंद पट्ट्याची बॅग आणून दिली. "पट्टा रुंद असला का भार पसरते," एवढंच म्हणाले. वैद्याचे ग्रंथ मात्र पाचच राहिले.

मी यात कशी आले? ओटा माझा होता म्हणून. मी चहा देऊन आत जात होते, तर गावंडे म्हणाले, "वयनी, बसता काय? तीन फासे टाका." पंधरा आले. टेबलावर सगळ्यात ताकदवान मी निघाले. नाव काय ठेवता म्हणाले. मी म्हटलं, द्वारका हे नाव आहे ना मला, दुसरं कायले पायजे. रविवारी दुपारी माझ्याकडे दुसरं कोणी येत नाही. हे रडगाणं नाही, आहे ते सांगितलं. दोन मुलं आहेत, आपापल्या गावी आहेत, फोन करतात. पण फोनवर कोणी बुडत नाही.

गावंडेंची गोष्टही त्यांच्यासारखीच. दुसऱ्या कोणी खजिना ठेवला असता. यांनी जातं ठेवलं. चिखलदऱ्याच्या वर एक वस्ती, तिथलं एकुलतं एक जातं दरोडेखोरांनी पळवलं, ते तेल्हाऱ्याकडे सापडलं, आता ते परत डोंगरावर पोचवायचं. जातं चोरणारा दरोडेखोर मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "खजिना म्हंजे काय? जे उचलाले भारी आन टाकाले जीव होत नाई, ते." जात्याची खालची तळी इंगळेकडे, वरची माझ्याकडे. ताकद होती ना.

वाटेत गावं लागायची, आणि इथेच घोळ होता. त्या इंग्रजी पुस्तकात म्हणे माणसं खानावळीत जातात, जेवतात, पैसे देतात, निघतात. गावंडेंना गाव असं सोडता येईना. निघायची वेळ झाली की ते खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेत आणि त्या गावची बाई होत. "अवो, असे रिकाम्या हातानं जाता काय? थांबा जराशी." आवाज अगदी बाईचा नाही, पण लकब बाईची. मग कोणाला सांडगे, कोणाला ज्वारीच्या पापड्या, कोणाला लोणच्याची बरणी. ते दिलं की दुपट्टा खांद्यावर, खडू हातात. "बरणी, दोन किलो. लिवून घेतलं."

रेखा म्हणाली, "काका, तुम्हीच देता आणि तुम्हीच वजन लावता. देऊच नका ना."

"मी कुठी देऊन रायलो? ते बाई देऊन रायली."

इंगळेनं एका गावात नको म्हणून पाहिलं. दुपट्ट्याखालची बाई इतकी रुसली की त्या गावात आम्हाला कोणी पाणी दिलं नाही. त्यानंतर नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. खरं सांगायचं तर सवयही नव्हती. दारातून निघताना हातात दिलेलं परत करणारं माणूस मला वऱ्हाडात दाखवा. म्हणून आम्ही प्रत्येक गावातून आधीपेक्षा जड होऊन निघालो. लढाईत एकदाही जखम झाली नाही. पाहुणचारानं कंबरडं मोडलं.

आणि मला ओटी.

पहिल्याच गावात दुपट्टा डोक्यावर आला आणि ती बाई म्हणाली, "द्वारकाबाई, बसा पाटावर. ओटी भरतो." रेखा चपापली. माझे मालक गेल्यापासून माझी ओटी कोणी भरत नाही. तशीच रीत आहे. हळदीकुंकवाला बोलावलं तर मी जाते, स्वयंपाकघरात वाटाण्याची उसळ ढवळते, परत येते. मला त्याचं काही नाही. नारळ बाजारात मिळतो. पण रेखा हळूच म्हणाली, "काका, काकूंना..."

"गोष्टीतल्या द्वारकाबाईचं मले काय मालूम?" गावंडे म्हणाले. "पुस्तकात लिवलं नाई. बाईनं भरली, मी थांबवणारा कोण? तांदूळ, खण, एक नारळ. लिवा, सव्वा किलो."

त्यानंतर प्रत्येक गावात ओटी भरली गेली. सव्वा, दीड, पुन्हा सव्वा. नदीपर्यंत आलो तेव्हा माझ्या कमरेला नऊ किलोची ओटी होती.

तर नदी. डोंगरातली, वरून पूर आलेला. रेखा आधीच पार होऊन पलीकडे उभी. इंगळे मधल्या खडकावर, त्याच्याकडे खालची तळी. मी पाण्यात. कोयता आणि पाण्याची कॅन मी आधीच सोडली होती. पाठीवर वरची तळी, घोंगडीत गुंडाळून बांधलेली, आणि ती घोंगडी आता ओली. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक इंगळेकडे. आणि ओटी. चौतीस किलो.

"काकू, ओटी सोडा," इंगळे म्हणाला. त्याच्या घरी ओटी भरत नाहीत, ते विहारात जाणारे. त्याला त्यातलं वजन तेवढं दिसत होतं. "नाई तं थांबा. काका, नारळ तरंगते. पाण्यात त्याचं वजन कायले लावता?"

गावंडे उठले. माझ्या न्हाणीतून बादली आणली, देवापुढचा नारळ आणला आणि त्यात सोडला. नारळ तरंगला. इंगळेनं मांडीवर थाप मारली.

"बरोबर हाये," गावंडे म्हणाले. "नारळ पाण्यानं उचललं. आता तांदूळ भिजले का नाई? जे नारळाचं कमी झालं ते तांदळाचं वाढलं. नऊचे नऊ."

"असा कसा हिशोब?"

"तांदूळ आणू काय?"

"नका आणू," मी म्हटलं. माझा तांदूळ होता तो. "सोडली ओटी. नारळ, तांदूळ, खण, सारं. पुसा तो नऊ."

गावंडेंनी ओलं फडकं हातात घेतलं. नऊवर ठेवलं. पुसलं नाही.

"पुसा ना. सोडली म्हटलं ना मी."

"तळी सोडा," ते म्हणाले.

"तळी सोडून कसं चालन?" इंगळे ओरडला. "माह्याजवळ खालची हाये. तिले काय चाटू?"

"काहून नाई पुसत तुमी?" मी विचारलं.

गावंडे पाटीकडे बघत होते. "गाडी सुटाच्या टायमाले बाया येत खिडकीपाशी," ते म्हणाले. "पोरगी सासरी जाऊन रायली असली का मायचा हात खिडकीतून आत. गाठोडं, डबा, फडक्यात बांधलेलं काई. गाडी चालू झाली तरी हात आतच. मी दोरी धरून थांबो. ड्रायव्हर आरशातून पाहे. लेट होये."

"मंग?"

"मंग काई नाई. त्याले कधी काटा नाई लावला."

इंगळेचा विश्वास बसेना. "तुमी? लगेज नाई लावलं?"

"लगेज म्हंजे जे घेऊन माणूस चढते. खिडकीतून येते ते लगेज नसते."

"तुमाले दिलं काय कोणी कधी?" मी विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"मी कुठी खिडकीत बसो, वयनी? मी तं दाराशी."

त्यांचा चहा गार झाला होता, वर साय आली होती. मी कप त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो तसाच प्यायला.

"पन मी बुडून रायली," मी म्हटलं. "काई तरी करा."

गावंडेंनी फासे उचलले. "काठावर एक जण हाये," ते म्हणाले. "तो पाण्यात उतरला. ओटी फेकू नोका. त्याच्याजवळ द्या."

"कोण एक जण?" रेखानं विचारलं.

"हाये एक. कंडक्टर."

दीड वर्षात गावंडे स्वतः गोष्टीत आले नव्हते. बाया झाले, दरोडेखोर झाले, एकदा रेडा झाले. स्वतः कधी नाही. आता त्यांनी आमच्यासारखेच तीन फासे टाकले, सगळ्यांसमोर. सहा आले. कसला चेहरा केला नाही. पाटीच्या कोपऱ्यात लिहिलं, ताकद सहा, बारा किलो. मग माझ्यापुढचा नऊ पुसून आपल्या खाली लिहिला. आणि त्याच्याखाली लिहिलं, तिकिटाची पेटी, चार.

"पेटी कायले?" इंगळे म्हणाला. "तेरा झाले ना काका. एक किलो जास्त. पेटी काठावर ठेवा."

"पेटी सरकारी हाये."

"एकच किलो हाये, सोडून द्या."

"तुमच्या सहा तलवारीच्या टायमाले सोडलं होतं काय?"

वीस बाजूंचा फासा त्यांनी टाकला. दोन आले.

"पाय निसटला," गावंडे म्हणाले. आवाज तोच, मला सांगताना होता तो. "नाकातोंडात पाणी गेलं. अजून एक डाव चुकला का मेला."

रेखा पुढे वाकली. "काका, तुम्ही मेलात तर?"

"नियम एकच हाये. खुर्ची रिकामी कराची."

"मग गोष्ट कोण सांगणार?"

"कोणी नाई सांगत."

म्हणजे मी पाण्याबाहेर, आणि रविवार बुडाला. त्यांनी फाशाकडे हात नेला. त्यांना खरंच टाकायचा होता, हे मला त्यांच्या हातावरून दिसलं. त्या माणसानं स्वतःला एक किलोसुद्धा माफ केला नसता. मी फाशावर तळवा ठेवला.

"माही पाळी हाये," मी म्हटलं. "पाठीवरची गाठ सोडली. तळी गेली, घोंगडी गेली."

"काकू," इंगळे म्हणाला, "दीड वर्ष वाहून नेलं ते."

"तुझ्याजवळ खालची हाये ना. बस तिच्यावर. दोर धरून ठेव." मग गावंडेंना विचारलं, "कंडक्टर किती किलोचा?"

"पन्नास."

"मी तीसच उचलतो. बुडाला."

"थांबा," रेखा म्हणाली. तिनं ते जाड पुस्तक ओढलं, तेच पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. मग म्हणाली, "उचलायला तीस. पण ओढायला दुप्पट चालतं. साठ. काकूंनी त्यांना ओढलं तर?"

गावंडेंनी पुस्तक आपल्याकडे घेतलं, चष्मा वर करून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "चालते," ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. माणूस पन्नास, ओटी नऊ, पेटी चार. त्रेसष्ट. तीन जास्त.

या वेळी कोणी त्यांना सोडा म्हणालं नाही. इंगळेही नाही. समोरच्या बांधकामावर एक जण सळ्या कापत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. गावंडे पाटीकडे बघत बसले. मग त्यांनी अंगठा ओला केला आणि शेवटची ओळ पुसली. फडक्यानं नाही, अंगठ्यानं. पेटी गेली.

"एकोणसाठ," ते म्हणाले. "ओढा. दहाच्या वर पायजे."

मी तळवा उचलला आणि फासा टाकला. तो वाटीला लागला, टेबलाच्या काठापर्यंत गेला आणि थांबला. अकरा.

गावंडेंनी उठून जवळ जाऊन पाहिला. मग सगळी पाटी पुसली, कोरडी होऊ दिली, आणि पार झालेल्यांची नावं लिहिली. चार जण होते. रेखा, इंगळे, मी आणि कंडक्टर.